डोंगरी ओढ्यात कयाक उतरवायची तर आधी एप्रिलमध्ये तो ओढा चालून या

विचारणारा तरुण नाशिकचा आहे, वय २६. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर दोन वर्षं कयाक चालवतोय, उलटल्यावर रोल मारून सरळ होता येतं, कोलाडला जाऊन कुंडलिका नदी तीन वेळा उतरलाय. आता त्याला आणि त्याच्या मित्राला त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यातला एखादा ओढा करायचाय. गाडी जात नाही असा, कयाक पाठीवर घेऊन चढायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. कुठला ओढा, कधी जावं आणि काय न्यावं, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

ओढ्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव बाहेर पडलं की पुढच्याच रविवारी तिथे हेल्मेटशिवाय, जॅकेटशिवाय पोरं पाण्यात उतरतात, हे मी पाहिलंय. दारणेला आणि वैतरणेला मिळणारे डझनभर ओढे नकाशावर दिसतात. स्वतः शोधून काढलेला ओढा तुम्ही जास्त नीट ओळखाल.

आणि कधी जावं, तर यंदा नाही. यंदाचा पावसाळा फक्त काठावरून बघा, एप्रिलमध्ये ओढा चालून या आणि पुढच्या सप्टेंबरात उतरा. तुमचा उत्साह मला समजतो, मी तुमच्या वयाचा असताना असाच होतो. पण कुंडलिका आणि डोंगरातला ओढा यांत फरक नुसता अवघडपणाचा नाही. कुंडलिकेचं पाणी वीजनिर्मितीनंतर ठरल्या वेळी सोडलेलं असतं. सकाळी येतं, काही तास राहतं, ओसरतं. ओढ्याचं पाणी कोणी सोडत नाही. ते डोक्यावरच्या ढगातून थेट येतं आणि तुम्हाला विचारून येत नाही.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा तुमच्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे वरच्या अंगाला एवढंच असतं. त्यावर तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला. इगतपुरीकरांना विचारा, हा काही मोठा पाऊस नव्हे. तरी ते २ लाख घनमीटर पाणी झालं. ऑगस्टअखेर जमीन भिजून तुडुंब असते, खाली बेसॉल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर. निम्मं पाणी जरी त्याच तासात ओढ्याला आलं, तरी सेकंदाला सुमारे २८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ १,००० क्युसेक. असा चार-पाच मीटर रुंदीचा ओढा मी दीडशे क्युसेकला आनंदाने करतो, अडीचशेला विचार करतो आणि त्यापुढे काठावर बसून राहतो. दीडशेचे हजार व्हायला एक सर पुरते, आणि ती सर तुमच्या अंगावर न पडता वरच्या कड्याआड पडलेली असू शकते.

क्युसेक मोजायला यंत्र लागत नाही. ओढा जिथे सरळ आणि सारख्या रुंदीचा वाहतो तिथे १० मीटर अंतर मोजा, वाळकी काटकी सोडा, सेकंद मोजा. पात्र ५ मीटर रुंद, सरासरी खोली ६० सेंटिमीटर आणि काटकीला ६ सेकंद लागले, तर गुणाकार सेकंदाला ५ घनमीटर येतो. वरचा थर तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जातो, म्हणून त्याचे आठ दशांश धरा, ४ घनमीटर. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ क्युसेक. झाले १४० क्युसेक.

आपण नाशिककर तर पूर मोजायला आकडे मागतच नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय, एवढं कळलं की अख्ख्या गावाला पुराचा अंदाज येतो. २००८, २०१६, २०१९ हे पूर ज्यांनी पाहिले त्यांना गंगापूरच्या विसर्गाचा आकडा आठवणार नाही, पण मारुती कुठवर बुडाला होता ते आठवेल. तुमच्या ओढ्यालाही असा एक मारुती लागतो. एप्रिलमध्ये सुरुवातीच्या जागेजवळचा, पुराने हलणार नाही असा मोठा धोंडा निवडा, त्याच्यावरच्या खाचा, रेघा नीट बघून फोटो काढा. मग पावसाळ्यात चार-पाच वेळा नुसतं जाऊन या. पाणी कुठल्या खाचेला असताना किती क्युसेक भरतं, कुठला टप्पा उघडा पडतो, कुठला बुडतो, हे वहीत लिहा. ही वही तुमच्या कयाकपेक्षा मौल्यवान आहे.

आता एप्रिलच्या चालण्याबद्दल सविस्तर, कारण सगळं तिथेच ठरतं.

सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक आडव्या थरांनी बनलेला आहे. घट्ट, कठीण थराखाली बऱ्याचदा भुसभुशीत, गारगोट्या भरलेला थर किंवा लाल मातीची पट्टी असते. पाणी वरचा कातळ फारसा खात नाही, खालचं मऊ मात्र कोरून नेतं. म्हणून आपले धबधबे उतरते नसतात, सरळ तुटलेले असतात, आणि धारेच्या मागे पोकळी असते. पावसाळ्यात तिथे नुसता पांढरा पडदा दिसतो. हिमालयातल्या नदीत दगडगोट्यांचे लांब उतार असतात. आपल्याकडे सपाट कातळ, मग एकदम पायरी, खाली डोह, पुन्हा सपाट कातळ. डोह असतो म्हणून श्वास घ्यायला जागा मिळते, हे चांगलं. पण पायरी वरून अजिबात दिसत नाही. पाणी एका रेषेत संपतं आणि पुढे हवा असते.

दुसरी गोष्ट रांजणखळग्यांची. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजण तुम्ही पाहिले असतील. तेच लहान आकारात आपल्या ओढ्यांत जागोजागी असतात. गोटे फिरून फिरून कातळात विहिरी पडतात, शेजारच्या दोन विहिरी आतून जोडल्या जातात, आणि पाणी एकीत शिरून दुसरीतून बाहेर येतं. पाण्याला तेवढी वाट पुरते, माणसाला नाही. अशी जागा एप्रिलमध्ये उघडी असते. तिथे वाकून, टॉर्च मारून बघा. ज्या पायरीच्या पायथ्याशी असा जोड रांजण असेल किंवा कडा आतून कोरलेला असेल, तिच्यापुढे वहीत काट मारा. पाणी कितीही सुंदर असो, ती पायरी कयाक खांद्यावर घेऊन काठाने उतरायची. तो काठही एप्रिलमध्येच शोधायचा, कारण सप्टेंबरात त्या कातळावर शेवाळ असतं आणि पाय टिकत नाही.

चालताना दर दोनशे-तीनशे मीटरला एक प्रश्न स्वतःला विचारा: पाणी अचानक वाढलं तर इथून वर कुठे निघेन? दोन्ही बाजूंना उभी भिंत असलेली घळ १०० मीटरपेक्षा लांब असेल, तर माझ्या मते तो ओढा तुमच्यासाठी नाही. निदान पहिली दोन-तीन वर्षं नाही.

उताराचंही बघा. नकाशावरच्या समोच्च रेषा मोजल्या तर किलोमीटरला किती मीटर उतरतो ते कळतं. सुरुवातीला २० मीटरच्या आतला टप्पा घ्या. ३०-४० मीटर म्हणजे चुकीला जागा नाही. आणि रस्त्यालगतच्या नदीत जेवढं अवघड पाणी तुम्ही सहज करता, त्याच्यापेक्षा अवघडपणाच्या श्रेणीत एक पायरी खालचं डोंगरात करा. तिथे खांदा निखळला तर कोलाडसारखी गाडी काठावर उभी नसते. घोटी किंवा इगतपुरी गाठायची तर आधी चिखलातून दोन-तीन तास माणूस उचलून न्यावा लागतो.

यावरूनच तुमच्या दोघांच्या बेताकडे येतो. दोघं पुरत नाहीत. एक अडकला तर दुसऱ्याने दोर धरायचा, की मदत आणायला धावायचं? पाण्यात तिघं आणि काठाने चालणारे दोघं, ही माझी कमीत कमी संख्या. काठावरच्या दोघांना कयाक येण्याची गरज नाही. दोर फेकता आला पाहिजे, ट्रेकिंगचे पाय पाहिजेत आणि धीर पाहिजे. नाशिकमध्ये गिर्यारोहण करणारे इतके आहेत की अशी माणसं मिळणं कठीण नाही.

सात वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, पाणी माझ्या वहीप्रमाणे अगदी योग्य. तिसरी पायरी फक्त चार फुटांची. एप्रिलमध्ये मी तिच्या खालच्या डोहात उतरून पाहिलं होतं, तळ स्वच्छ, वाळूचा. म्हणून त्या दिवशी वरून नजर टाकली आणि गेलो. पण मधल्या जुलैच्या पुराने दोन धोंडे त्या डोहात आणून टाकले होते, पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर. कयाकचं नाक खाली गेलं आणि दोन्ही धोंड्यांच्या बेचक्यात शिरून थांबलं. पाय पुढे, पाठीवर सगळा धबधबा. पुढे वाकलो तेव्हा छातीपाशी हवेची एक पोकळी तयार झाली, तिच्यात श्वास घेता येत होता. मागे रेललो की पाणी थेट तोंडावर. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात हाताला दोर लागला. ठरल्याप्रमाणे एक मित्र त्या चार फुटी पायरीखालीही थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन उभा होता. दोराच्या आधाराने मी स्थिर राहिलो, दुसऱ्याने काठाच्या कातळावरून वाकून कयाकच्या मागच्या कडीत कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायचा धातूचा आकडा, अडकवला, आणि पुली लावून तिघांनी ओढल्यावर नाक सुटलं. मोजून किती मिनिटं गेली ते मला आजही सांगता येत नाही.

चूक माझी होती. तेव्हापासून कितीही लहान पायरी असली तरी त्या दिवशी, त्या पाण्यात, काठाने खाली जाऊन लांब काठीने तळ चाचपल्याशिवाय मी जात नाही. एप्रिलचं चालणं ओढ्याचा सांगाडा दाखवतं, पण पावसाळा त्यात दगड हलवतो, झाडं आडवी पाडतो. पडलेलं जांभळाचं किंवा उंबराचं झाड तर दगडापेक्षा वाईट. फांद्यांमधून पाणी गाळणीसारखं निघून जातं, माणूस अडकून राहतो.

पायरीखालचं उलटं पाणी कसं ओळखायचं, हेही शिकून घ्या. धार पडते तिथून पाणी तळाशी जाऊन पुढे वर उसळतं. त्या उसळीच्या अलीकडचं पाणी परत धारेकडे येतं, पलीकडचं पुढे निघून जातं. उसळीची ती रेघ धारेपासून हातभर अंतरावर असेल तर ठीक, पुरुषभर लांब असेल तर सोडून द्या. आम्ही एक नारळ टाकतो. लगेच बाहेर आला तर बरं. तिथेच गरगरत राहिला, बुडून पुन्हा धारेखाली आला, तर तुमचंही तेच होईल. उलट्या पाण्याच्या पट्ट्याची दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असतील तर बाजूने निसटता येतं. टोकं वरच्या दिशेला वळलेली असतील तर ते पाणी तुम्हाला पुन्हा मध्ये आणून टाकतं.

सगळ्यात धोकादायक असं पाणी ओढ्यात नसतं, खाली शेतांजवळ असतं. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्या जिल्ह्यात नदीनाल्यांवर गावोगावी आहेत. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे खांबांमधल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात आणि पाणी खांबांच्या मधून जातं, तिथे ओंडके आणि काटेरी झुडपं येऊन अडकतात. पूर वरून गेला तर बंधाऱ्याच्या पूर्ण लांबीभर एकसारखं उलटं पाणी तयार होतं, त्याला निसटायला टोकच नसतं. दिसायला अगदी शांत, दोन-तीन फुटांची गुळगुळीत पायरी. चांगल्या पोहणाऱ्यांचेही तिथे जीव जातात. कुठल्याही पाण्यात, कुठल्याही कारणाने बंधाऱ्यावरून कयाक न्यायची नाही. शंभर मीटर आधीच काठाला लागा.

सामानाचं थोडक्यात सांगतो. ओढ्यासाठी बनवलेली प्लास्टिकची कयाक आठ-नऊ फुटांची, गोल पोटाची, २० ते २३ किलोची असते. धरणावर चालवता ती लांब कयाक इथे चालणार नाही. हवेची पॅकराफ्ट तीन-चार किलोची, सॅकमध्ये मावते, आणि नुसत्या पाहणीसाठी किंवा खालच्या सपाट टप्प्यासाठी मला ती आवडते. पण बेसॉल्टच्या धारदार कडांवर आणि पायऱ्यांखाली मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. प्रत्येकाकडे हेल्मेट, जास्त तरंगक्षमतेचं जॅकेट, कोपरांना पॅड, शिट्टी, जॅकेटमध्ये सहज निघणारा चाकू आणि १५-२० मीटरची थ्रो बॅग. चमूत मिळून दोन पुली, चार-पाच कॅराबिनर, प्रुसिकचे (मोठ्या दोरावर घट्ट आवळणारी गाठ मारायचे) बारीक दोर, जोडता येणारं एक जादा पॅडल, प्रथमोपचार पेटी, कोरडा शर्ट आणि गूळ-शेंगदाणे. आपलं पाणी हिमालयासारखं बर्फाळ नाही, पण पावसात-वाऱ्यात चार तास भिजल्यावर बोटं वळत नाहीत आणि गाठ सुटत नाही.

कयाक वाहून नेणं हे वेगळं कौशल्य आहे. सुरुवातीला सगळे ती एका खांद्यावर घेतात आणि अर्ध्या तासात मान आखडते. जुन्या सॅकचे पट्टे आणि कमरेचा पट्टा कयाकच्या बसायच्या जागेला बांधा, ती उभी पाठीवर घ्या, वजन कमरेवर येऊ द्या. उभ्या कयाकचं टोक कारवीत अडकतं, म्हणून पुढचा माणूस फांद्या बाजूला धरतो. फांदीवर हात टाकण्याआधी बघा, या दिवसांत चापडा हा विषारी साप पानांत मिसळून बसलेला असतो. आणि भातखाचरांच्या बांधावरून जाताना एकामागोमाग जा, बांध फुटू देऊ नका. आवणीत कंबर मोडून लावलेलं भात आहे ते.

वाडीत आधी जाऊन बोला. पोलीस पाटलांना, सरपंचांना सांगा कोण आहात, कधी येणार, किती वाजेपर्यंत बाहेर पडणार. त्यांना ओढ्याचं जे ठाऊक असतं ते कुठल्या नकाशात नाही. एका आजोबांनी मला पहिल्यांदा सांगितलं की लोंढा येण्याआधी पाण्यावर पाचोळा येतो. तसंच असतं. वर पाणी चढलं की काठांवरची वाळकी पानं, काटक्या आधी वाहत येतात, मग रंग चहासारखा होतो, आणि तळातून गोटे घरंगळल्याचा घुमणारा आवाज येतो. पाचोळा दिसला की काठावर यायचं, रंगाची वाट बघायची नाही. थांबाल तिथे पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवा. चहा पिऊन होईतो ती चार बोटं बुडाली असेल तर त्या दिवशी कयाक पुन्हा पाठीवर.

परवानगीचा प्रश्न टाळू नका. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि पाण्याच्या जागांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, वनहद्दीत वनविभागाची परवानगी लागते. बंदी असेल तर जायचं नाही. तुम्ही अडकलात तर जी माणसं दोर घेऊन रात्री घळीत उतरतील, तीही कुणाच्या घरची आहेत.

आता नेमकी वेळ. जुलैत सर थांबतच नाही, त्यामुळे पाणी वाढणार की उतरणार ते सांगता येत नाही. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य, जोरदार पावसानंतर दोन दिवस उघडीप मिळालेली, जमीन भिजलेली, पाणी उतरणीला लागलेलं आणि नितळ होत आलेलं, असा दिवस शोधा. सप्टेंबर संपताना परतीचा पाऊस सुरू होतो, तो दुपारनंतर गडगडाट करत एकदम कोसळतो. म्हणून पहाटे नाशिक सोडा, सातला चालायला लागा, एकच्या आत ओढ्याबाहेर या. शेवट धरणाच्या फुगवट्यात होत असेल तर तिथे मासेमारीची जाळी पाण्याखाली लावलेली असतात, पॅडल गुंतू देऊ नका आणि जाळं कापू नका.

या वर्षभरात कुंडलिकेवर प्रत्येक एडीत, म्हणजे दगडामागच्या थांबलेल्या पाण्यात, ठरवून शिरायचा सराव करा. ओढ्यात ब्रेक म्हणून तेवढंच असतं. रोल दोन्ही बाजूंनी, डोळे मिटून, दहातून दहा वेळा आला पाहिजे. जमलं तर आठवडाभर ऋषिकेशजवळच्या शिवपुरीला गंगेवर किंवा जुलैत केरळात कोडेंचेरीच्या बाजूला जा. केरळातल्या घाटातल्या नद्या आपल्या ओढ्यांच्या जवळच्या नातलग आहेत आणि सोबतीला अनुभवी माणसं मिळतात.

एप्रिलमध्ये ओढा चालून आलात की मला तीन गोष्टी पाठवा. प्रत्येक पायरीचे वरून आणि खालून काढलेले फोटो, बाहेर पडायच्या वाटा दाखवलेला हाताने काढलेला नकाशा, आणि तुमच्या त्या धोंड्याचा फोटो. तो ओढा तुम्हाला झेपणारा आहे असं मला वाटलं, तर सप्टेंबरात काठावर दोर धरायला मी स्वतः येईन.